चौथी ओळ

मिस्त्रीच्या कारखान्यात एक नियम होता आणि तो त्याच्या बापानं घालून दिला होता. थडग्यावरची अक्षरं कारागिरानं लिहायची नाहीत. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी यायचं, काळ्या दगडावर खडूनं आपल्या हातानं लिहायचं, आणि मिस्त्रीनं त्या रेघेवरून छिन्नी चालवायची. अक्षर वाकडं असलं तर वाकडं. एका म्हाताऱ्यानं बायकोचं नाव इतकं थरथरत लिहिलं होतं की ते आजही थंडीत कुडकुडल्यासारखं दिसतं. पलीकडच्या रस्त्यावर दुसरा एक जण यंत्रावर छापील अक्षरं काढून द्यायचा. "त्याच्याकडचे सगळे सारखेच मेलेले दिसतात," असं मिस्त्री म्हणायचा आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसायचा.

शिंपीण आली तेव्हा मात्र तो हसला नाही. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान. नवरा कधीचाच घर सोडून गेलेला. दोन मुली, त्यातली सात वर्षांची थोरली तीन दिवसांच्या तापात गेली. दोन वर्षांची धाकटी कडेवर होती; मिस्त्रीच्या बायकोनं तिला न विचारताच आपल्याकडे घेतलं. शिंपिणीनं कपड्यावर खुणा करायचा स्वतःचा चपटा खडू काढला आणि दगडासमोर गुडघे टेकून बसली. पहिल्या ओळीत मुलीचं नाव, दुसरीत जन्म, तिसरीत मृत्यू. मग हात न थांबवता चौथी ओळ लिहिली.

लिहिलेलं गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचून खात्री करायची, हीही कारखान्याची रीत. मिस्त्रीनं तीन ओळी वाचल्या. चौथीला त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"देवा, हे तुझं चुकलं."

बायको दारात धाकटीला खेळवत होती, ती जागच्या जागी थांबली.

"पोरी," मिस्त्री म्हणाला, "हेच ठेवायचं?"

"हेच. काका, ती गेल्यापासून मी रोज त्याच्याशी बोलतेय. तो काही उत्तर देत नाही. निदान माझं म्हणणं लेखी तरी असू दे त्याच्याकडे."

मिस्त्रीला ते पटलं. जो नाहीच असं वाटतं त्याला कोणी चुकलास म्हणून सांगायला जात नाही. ही बाई तर अजून त्याच्याशी भांडत होती, म्हणजे नातं शाबूत होतं. त्यानं छिन्नी उचलली. शिंपिणीची शिरोरेषा शब्दागणिक उजवीकडे चढत जायची, जणू तिरक्या कापडावरून कात्री सरकतेय. ती चढण त्यानं केसभरही सरळ केली नाही. असलं काम जमलं की त्याला स्वतःचा फार अभिमान वाटायचा, आणि त्या दिवशीही वाटला. ते त्याला पुढे कितीतरी दिवस खात राहिलं.

दगड बसवल्यावर काही दिवस कोणाचं लक्ष गेलं नाही. दफनभूमीत दुसऱ्याचा दगड वाचायला कोण जातं? मग एक बाई थांबली. ती दुसरीला घेऊन आली. मूल गमावलेल्या बायका तिथं येऊन नुसत्या उभ्या राहायला लागल्या. रडायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. वाचायच्या आणि जायच्या. कोणीतरी फोटो काढला, तो या फोनवरून त्या फोनवर गेला, आणि आठवड्याच्या आत दफनभूमी मंडळाचे सचिव मिस्त्रीच्या कारखान्यात हजर झाले.

सचिव सज्जन माणूस होता. हेच तर दुखणं होतं. दुर्जन असता तर मिस्त्रीला त्याच्यावर ओरडता आलं असतं.

"मला वैयक्तिक काही नाही हो," ते दगडाच्या भुकटीत बूट बुडणार नाहीत अशा बेतानं उभे राहून म्हणाले. "पण ही उघड धर्मनिंदा आहे. तक्रार झाली आहे. वाक्य कोणाचं, एवढं सांगा."

दगडावर मुलीचं नाव होतं, तेव्हा आईचं नाव शोधायला कोणी लांब जायची गरज नव्हती. पण वाक्य आईचंच कशावरून? मिस्त्रीनं क्षणभर विचार केला.

"माझं," तो म्हणाला. "ती तीन ओळी लिहून गेली. मला पोरीचं फार वाईट वाटलं, चौथी मी घातली."

दारामागे बायकोच्या हातातलं भांडं पडलं.

सचिवांनी सुस्कारा टाकला. खिशातून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली आणि ती फोनवरच्या फोटोशेजारी धरली. त्यांच्याच पँटला शिंपिणीनं टाचलेली चिठ्ठी होती ती. 'कंबर अर्धा इंच सैल. घाई नाही.' शिरोरेषा उजवीकडे चढत गेलेली.

"गावातल्या प्रत्येक घरात असली चिठ्ठी आहे, मिस्त्री," सचिव हळूच म्हणाले. "तुम्ही तिचं अक्षर जरा कमी हुबेहूब काढलं असतंत तर बरं झालं असतं."

दुपारी पोलीस शिंपिणीला घेऊन गेले. मशीनखाली एक अर्धी शिवलेली बाही तशीच राहिली.

मिस्त्री चौकीत गेला. एकदा नाही, चार वेळा. इन्स्पेक्टरनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला, फक्त शिंपीण दिली नाही.

"साहेब, अख्खं गाव देवाला बोल लावतं. पोराला नोकरी लागली नाही तरी लावतं. माझी आई मरेपर्यंत लावत होती."

"लावू द्या. बोललेलं हवेत जातं," इन्स्पेक्टर म्हणाला. "तुम्ही ते दगडात घातलंत."

"मग मला आत टाका."

"तुम्ही साक्षीदार आहात. तिनं तुमच्यासमोर लिहिलं, हे तुम्हालाच सांगायचं आहे कोर्टात."

मिस्त्री चहा तसाच ठेवून उठला. आईला नेल्या दिवसापासून धाकटी मिस्त्रीच्याच घरी होती; त्याच्या बायकोच्या मांडीवर बसून दाराकडे बघत असायची. पहिले काही दिवस ती आई आई करून घर डोक्यावर घ्यायची. नंतर तिनं विचारणं सोडलं, आणि त्या शांततेनं दोघा म्हाताऱ्यांची झोप उडाली.

सतराव्या दिवशी सचिव पुन्हा आले. त्यांच्याकडे तोडगा होता. मंडळ तक्रार मागे घ्यायला तयार होतं. चौथी ओळ घासून काढायची आणि तिथं 'देवाची इच्छा' असं कोरायचं. मात्र ते तिनं स्वतःच्या हातानं लिहायचं. तुमच्या कारखान्याची रीतच आहे तशी, असं सचिव म्हणाले, आणि त्यात कुचेष्टा नव्हती.

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर खटला चालेल. आणि बाहेरचे लोक हातोडे घेऊन येतील, मिस्त्री. मी किती दिवस थोपवू? अख्खा दगड जाईल. मुलीचं नावही जाईल."

शिंपीण नाही म्हणावी असं मिस्त्रीला वाटत होतं. ती हो म्हणावी म्हणून तो मनातल्या मनात हातही जोडत होता. कोणाला जोडत होता ते त्याचं त्याला ठाऊक.

ती हो म्हणाली. धाकटीसाठी दुसरं काय म्हणणार होती?

दफनभूमीत बसून ओळ घासायला त्याला पूर्ण दिवस लागला. खोल कोरलेली होती. घासून घासून दगडाला तिथं खळगा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीसबाई तिला घेऊन आली. शिंपीण वाळली होती. केस कोणीतरी घट्ट बांधून दिले होते. मिस्त्रीनं तिच्यापुढे खडू धरला. ती गुडघे टेकून बसली आणि त्या खळग्यात दोन शब्द लिहिले. हाताला सवयच होती, शिरोरेषा वर चढत गेली.

मिस्त्रीनं रीतीप्रमाणे मोठ्यानं वाचलं. मग त्याच्या तोंडातून रीतीप्रमाणे निघून गेलं, "हेच ठेवायचं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही तरी विचारू नका."

त्याला तिथल्या तिथं जीभ हासडून टाकावीशी वाटली. छिन्नी उथळ चालवायची असं त्यानं ठरवलं होतं, चार पावसाळ्यांत पुसून जाईल इतकी. पण सचिव शेजारी उभे होते आणि प्रत्येक अक्षर झालं की खाचेतून नखाचं टोक फिरवत होते. "आणखी थोडं," म्हणत होते, अगदी अदबीनं. मिस्त्री आणखी थोडं कोरत होता.

शिंपीण सुटली, दुकान उघडलं, लोक पुन्हा कपडे टाकायला लागले. मिस्त्रीकडे ती येईनाशी झाली. दर आठवड्याला धाकटीला घेऊन दफनभूमीत मात्र जायची. दगडाजवळ उभ्या राहणाऱ्या बायका आता येत नव्हत्या.

चौथ्या वर्षी एका सकाळी मिस्त्री दोन रांगा सोडून दुसऱ्या एका दगडाचा पाया भरत होता. धाकटी शाळेत जायला लागली होती. जे दिसेल ते अक्षर लावून वाचायची. ती ताईच्या दगडाशी बसली, बोटानं खळग्यातल्या दोन शब्दांच्या खाचा गिरवत गेली आणि एकदम आनंदानं ओरडली,

"आई, हे तुझं अक्षर आहे! हे तू लिहिलंयस?"

मिस्त्रीच्या हातातली थापी थांबली. शिंपिणीनं मान वर केली, तिला तो दिसला. कितीतरी वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. तो काही बोलेल म्हणून असेल. त्यानं मान खाली घालून पुन्हा थापी चालवायला घेतली.

"हो," ती मुलीला म्हणाली. "मीच लिहिलंय."