इथे पाहा

हेमांगीने आबांचा पेन ड्राइव्ह काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. पडद्यावर तेच वाक्य आलं : चावी सापडली नाही.

“बठ्ठं त्यामाच शे ना?” वच्छलाबाईंनी दारातून विचारलं.

“सगळं आहे, आई. कुलपात आहे.”

साक्रीच्या बाजारात, पिंपळनेरच्या एसटीत बसून आबांनी अकरा वर्षं अहिराणी शब्द जमवले होते. धुळ्यात कुणीतरी त्यातले दोनशे स्वतःच्या नावावर छापले, तेव्हा त्यांनी पेन ड्राइव्हवरच्या फाइलला कुलूप घातलं. कुलपाचा प्रोग्राम हेमांगीच्याच कामातला. त्याच्या माहितीपुस्तिकेची मराठी पानं तिने लिहिलेली. पुढे कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्तीवाल्याने सगळं पुसून नवं भरून दिलं. कुलूप उघडणारी छोटी फाइल, म्हणजे चावी, त्या पुसलेल्यातच होती. महिन्याभरात आबाही गेले.

“चावी वेगळी, बाहेर ठेवायची, हे लिहिलंय मी,” हेमांगी म्हणाली. “आबांनी जन्मभर शाळेत पोरांना ‘नीट वाचा’ म्हणून छड्या मारल्या. स्वतः वाचलं नाही.”

“वाचं ना त्यासनी. कागदवर.”

वच्छलाबाईंनी कपाटातून घडी घातलेलं पान आणून दिलं. आबांनी ते बाजारातल्या दुकानातून छापून आणलं होतं. शेवटची ओळ : ‘चावी कशी जपावी, हे इथे पाहा.’ पडद्यावर ‘इथे’ निळं दिसे, दाबलं की दुसरं पान उघडे. कागदावर त्याखाली नुसती रेघ होती. आबांनी शब्दाभोवती लाल गोल केला होता. समासात, मास्तरी अक्षरात : इथे म्हणजे कुठे? हेमाला विचारणे.

त्यांनी विचारलं होतं. ती मीटिंगमध्ये होती. “आबा, तिथेच दाबा,” म्हणून तिने फोन ठेवला होता.

“दाबी दखा त्यासनी,” वच्छलाबाई कागदावर बोट दाबून दाखवत हसल्या. “मी बोलनू, आहो, कागद शे तो.”

हेमांगीने लॅपटॉप ओढून घेतला. ‘इथे’ खोडून त्या पानाचं पूर्ण नाव लिहिलं. मग पुस्तिकाभर तो शब्द शोधला. एक्केचाळीस जागी निघाला. प्रत्येक ठिकाणी नाव घातलं, कुलपाचं आणि चावीचं, दोन्ही पानं एकमेकांना जोडली, बदल प्रोग्राम सांभाळणाऱ्यांकडे पाठवले. थोड्या वेळाने कधीही न भेटलेल्या कुणाचं उत्तर आलं : किरकोळ सुधारणा. मंजूर.

“उघडनं का?”

“दुसऱ्यांचं उघडेल,” ती म्हणाली.