एका गट्टूची जागा

साहेब, प्रेमदासच्या हातात माईक तुम्ही दिला. चौकशीत "कोणीतरी दिला" असं झालं आहे. कोणीतरी नाही. तुम्ही. मी त्याच्या शेजारी उभी होते.

"घ्या, घ्या! लाजताय काय?" असं तुम्ही म्हणालात आणि सगळा मंडप हसला. पुढं जे झालं त्याचा दोष हैदरभाईच्या गळ्यात बांधला गेला. आज त्याच्या साउंडला तालुक्यात कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहिते. एरवी तुम्ही बोलता आणि आम्ही ऐकतो. आज उलटं होऊ द्या.

मी मंजुषा. जवळा बाजारापासून पुसेगावापर्यंत, लग्न असो, जयंती असो, गणपती असो, जिथं बोलावतील तिथं आमच्या पार्टीत गाते. प्रेमदास राठोड आमच्यात बेस गिटार वाजवायचा. वारंगा फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. दिवसभर टायर, आणि कार्यक्रम असला की डिझेलनं हात धुऊन गिटार. नांदेडची एक पार्टी बंद पडली तेव्हा त्यांच्याकडून त्यानं ती जुनी गिटार घेतली होती. चार तारांची. गावोगाव एकच चेष्टा व्हायची.

"का हो मास्तर, तुमच्या गिटारीच्या दोन तारा कुठं गेल्या?"

"तुमच्या गावच्या डीपीला लावल्या. काल लाइट आली न्हाई का?"

जबाब ठरलेला, हसूही ठरलेलं. बेस वाजत असतो तेव्हा कोणाला कळत नाही. थांबला की लोक इकडं तिकडं बघतात, काय बंद पडलं म्हणून. प्रेमदास म्हणायचा, "कानानं ऐकायची चीजच न्हाई ती, मंजुताई. बरगडीवर हात ठेवून बघा."

हैदरभाई आमचा साउंडवाला. त्याची एक पद्धत होती. गिटारची वायर तो सरळ मिक्सरला कधी लावायचा नाही. मध्ये लोखंडाची एक डबी ठेवायचा. डबीतून एक वायर मिक्सरला जायची, गावाला ऐकू जावं म्हणून. दुसरी प्रेमदासच्या पाठीमागच्या अँपला, म्हणजे त्याच्या स्पीकरच्या पेटीला, त्याचं त्याला ऐकू यावं म्हणून. आणि हे सगळं जोडायच्या आधी हैदरभाई स्टेजच्या मागं जाऊन कमरेएवढी सळई जमिनीत ठोकायचा, तिच्या मुळाशी मिठाचं पाणी ओतायचा आणि हिरवी वायर बांधायचा. जनरेटर असू दे नाहीतर गावची लाइन, सगळ्याची अर्थिंग त्या एका सळईला.

"हैदरभाई, शेळी बांधून राहिले काय?" पोरं विचारायची.

"हौ. बिजलीची शेळी हाय. मोकळी सोडली तर तुझ्याच घरात शिरंल."

तुमचा महोत्सव दुपारचा होता. गावाचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या कार्यालयापुढच्या नव्या अंगणात स्टेज होतं आणि त्या अंगणाचं उद्घाटनही त्याच दिवशी होतं. जमिनीवर फरशीसारखे बसवलेले लाल-पिवळे सिमेंटचे गट्टू, धुऊन पुसून काढलेले. हैदरभाई स्टेजमागं पहार घेऊन बसला आणि एका गट्टूच्या फटीत टोक घातलं. तेवढ्यात तुम्ही आलात.

"ए, काय चाललंय?"

"साहेब, अर्थिंग करतो. एकच गट्टू काढतो. कार्यक्रम झाला की बराबर होता तसा बसवून देतो."

"पाहुणे येताहेत उद्घाटनाला. एक गट्टू हलला तर तुमचा कार्यक्रमही हलला समजा."

"साहेब, जनरेटर छोटा हाय. बेसचा अँप हॉलच्या बोर्डावर लावावा लागंल. दोन लायनी झाल्या, दोन्हीची माती एक पाहिजे. न्हाईतर तकलीफ होती."

"हॉलच्या बोर्डात अर्थिंग आहे की. सरकारी काम आहे ते."

हैदरभाईनं बोर्डाला बल्ब लावून पाहिला. अर्थिंगच्या वरच्या मोठ्या भोकात काहीच नव्हतं, नुसतं भोक; बल्ब पेटला नाही. तो तुमच्या मागं मागं आला. "साहेब, बोर्डात अर्थिंग नाही." तुम्ही हार मोजत होता. "बल्ब बदल," म्हणालात.

मग तो प्रेमदासकडं आला. "आज बेस राहू दे भाऊ."

"मंग मी काय करू? टाळ्या वाजवू?"

"आजच्या दिवस वाजव."

तेही तुम्हाला चाललं नाही. पत्रिकेत आठ वादक छापले होते, स्टेजवर आठ दिसले पाहिजेत, असा तुमचा निरोप आला. शिवाय प्रेमदासलाही वाजवायचंच होतं, ते मी कशाला लपवू? त्याची बायको शकुबाई पहिल्यांदाच कार्यक्रम बघायला आली होती. तिसऱ्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. ती म्हणाली होती, इतकी वर्षं त्या काठीवर बोटं घासून राहिले, बघू तरी काय आवाज येतो.

हैदरभाईनं जोडलं. लगेच स्पीकरमधून घूं करून आवाज सुरू झाला. तुम्ही पहिल्या रांगेतून हात हलवलात, बंद करा म्हणून. डबीला एक बटण असतं. ते दाबलं की मिक्सरची माती तुटते आणि घूं बंद होते. हैदरभाईनं ते दाबलं. हे मी झाकत नाही, तोही झाकत नाही. आवाज गेला. अँपमध्ये करंट उतरत होता, तो तारांवर तसाच राहिला. सळई असती तर तो मातीत गेला असता; आता त्याला वाट एकच, तारांना हात लावून दुसऱ्या लायनीवरचा माईक धरणारा माणूस.

हैदरभाई स्टेजवर आला आणि प्रेमदासला म्हणाला, "नुसती गिटार धर, सुक्या लाकडावर उभा राहा. माईकला हात लावायचा न्हाई. तोंड तर बिलकूलच न्हाई. समजलं?"

"मी काय गाऊन राहिलो का?" प्रेमदास म्हणाला.

त्यानं पायाखाली फळी घेतली. तीन गाणी झाली. छान झाली. शकुबाईनं खरंच बरगडीवर हात ठेवला होता, मी पाहिलं. शेजारणीला काहीतरी सांगत होती.

चौथ्या गाण्याच्या आधी पाहुणे खूश झाले आणि तुम्ही उठलात. माझ्या पुढचा माईक स्टँडवरून काढलात, वायर ओढत ओढत एकेका वादकासमोर धरलात. नाव सांगा, गाव सांगा. ढोलकीवाल्यानं सांगितलं. कीबोर्डवाल्यानं सांगितलं. मग प्रेमदास. तो मागं सरकला, फळीच्या टोकापर्यंत. मान हलवली.

पार मंडपाच्या दुसऱ्या टोकाला हैदरभाई मिक्सरवरून ओरडत होता. त्याचे ओठ मला दिसत होते. आवाज येत नव्हता. सगळ्या गावाचा आवाज मोठा करणारा माणूस, पण त्याच्यापुढं माईक नव्हता.

"घ्या, घ्या! लाजताय काय?"

साहेबानं काही पुढं केलं की आमच्याकडं त्याला नको म्हणत नाहीत. प्रसाद असो, नारळ असो, नाहीतर शिव्या. दोनदा नको म्हटलं तर माणूस माजला म्हणतात. प्रेमदासनं डावा हात तारांवर तसाच ठेवला आणि मान खाली घालून उजव्या हातानं माईक घेतला. तुम्ही सोडला आणि त्यानं धरला. त्याला सोडता आला नाही.

लोकांना वाटलं नाचतो आहे. टाळ्या पडल्या.

हैदरभाई खुर्च्यांवरून धावत आला आणि बोर्डातली पिन उपटली. प्रेमदास गिटारीसकट खाली पडला. जीव वाचला. डाव्या हाताच्या दोन बोटांत तारा रुतून भाजल्या होत्या, आतपर्यंत. नांदेडला ती दोन्ही काढली.

चौकशीत तुम्ही म्हणालात, "साउंडवाल्यानं अर्थिंग केलं नव्हतं." खरंच आहे. नव्हतं केलं. ह्याच्यासारखं खरं वाक्य मी आजवर ऐकलं नाही. हैदरभाईनंही मान हलवली, म्हणाला, "व्हय, केलं न्हाई." मी त्याला बाहेर विचारलं, काहून गप बसलास? गट्टूचं काहून न्हाई सांगितलं?

"काय सांगू ताई? म्हणतील, बटण कुणी दाबलं. बटण तर मीच दाबलं ना."

आता वारंगा फाट्यावर टायर शकुबाई उघडते. प्रेमदास ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बोटानं दाखवतो. आमच्या पार्टीत बेसचं काम कीबोर्डवर भागवतात. लोकांना फरक कळत नाही, असं नवा साउंडवाला म्हणतो.

हे एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. रडायला घर आहे.

पण गेल्या मंगळवारी प्रेमदासला हाताच्या अपघाताचा दाखला आणायचा होता म्हणून मी त्याच्याबरोबर तुमच्या कार्यालयात आले. तुम्ही नव्हता. अंगणात कमान उभी होती, तुमच्या अभिनंदनाची, दोन मोठ्या बांबूंवर. वर तुमचा फोटो. आणि बांबू रोवायला दोन्हीकडचे गट्टू काढून भिंतीला लावून ठेवले होते. नीट, एकावर एक.

मी शिव्याच देणार होते. प्रेमदास मात्र खाली बसला. बांबूच्या बुडाशी उघडी माती होती, तिच्यात त्यानं डावा हात घातला. उरलेल्या तीन बोटांनी मूठभर माती उचलली, दाबून पाहिली.

"ओली हाय की, मंजुताई," तो म्हणाला. "सळई दोन घावांत गेली असती."

माती त्यानं परत जागच्या जागी ठेवली आणि वरून थापटली.

साहेब, फोटोसाठी गट्टू निघतात. त्या दिवशी हैदरभाईनं एकच मागितला होता. तो का निघाला नाही, एवढं सांगा. कागदावर नको. त्याच अंगणात, त्याच माईकवर, हैदरभाईचं नाव घेऊन सांगा. तो, प्रेमदास आणि मी, आम्ही तिघं पुढं येऊन बसतो.