ताटातल्या बांगड्या

माझा जन्म कासाराच्या घरातला, लग्नही कासारातच झालं. कळंबजवळच्या वाशीच्या आसपासच्या गावांत टोपली घेऊन फिरायचं आणि बायांचे हात भरायचे, हेच माझं आयुष्य. हात कसाही असो, चोळून मऊ करायचा आणि काच चढवायची. पण ताटात ठेवायला बांगड्या मागणारं गिऱ्हाईक मला पासष्ट सालच्या लढाईत पहिल्यांदा भेटलं.

त्या भाद्रपदात गावोगाव रेडिओभोवती गर्दी असे. सरहद्द कुठल्या कुठं, तरी लोक कंदिलाला काळा कागद लावून बसत. अशात एका गावात शिरले, तर ग्रामसेवकांच्या बायकोनं, प्रेमलाबाईंनी मला हाक मारली. महिला मंडळाच्या अध्यक्षीण त्याच.

"वनमालाबाई, डझनभर हिरव्या बांगड्या द्या. बिरदेवला आहेर करायचाय."

"बिरदेवला? बाप्या माणसाला?"

"बाप्या असता तर भरतीच्या रांगेतून पळाला असता का?"

बिरदेव म्हणजे धनगराचा पोरगा, मेंढरं राखायचा. कळंबला सैन्यभरती होती, तिथं तो रांगेत उभाही राहिला होता. पण त्याची भावजय अयोध्या एसटीनं मागोमाग गेली आणि हाताला धरून त्याला घरी घेऊन आली. तिचा नवरा व्यंकट बासष्टच्या चीनच्या लढाईत कामी आला होता. घरात म्हातारी सासू, अयोध्याची लहान पोरगी आणि बिरदेवची नवी नवरी सखू. गावाला मात्र एवढंच दिसलं, की गडी बाईच्या पदराआड लपला. आता साडी-चोळी-बांगड्यांचं ताट दारात नेलं, की लाजेपायी तरी तो भरती होईल, असा मंडळाचा विचार होता.

माझं डोकंच फिरलं. ह्या बाया खुरपतात, दळतात, बाळंतपणं काढतात, ती सगळी बांगड्यांच्याच हातांनी. आणि भित्र्या माणसाला द्यायचं काय, तर म्हणे बांगड्या!

"म्या हातात भरते. ताटात देत न्हाय," मी सांगितलं.

"मग चला की! त्याच्याच हातात भरा," जमलेल्या बायांतून धुरपताबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. धुरपताबाईंचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे. त्यांचा लेक तेव्हा सीमेवर होता, त्यामुळे त्यांचा आवाज आणखीच चढलेला. मी गेले खरी, पण त्या पोराच्या हाताला हात लावायचा नाही, हे मनाशी ठरवूनच.

दारात साडी-चोळीचं ताट ठेवलं, बांगड्या माझ्या टोपलीतच होत्या. बिरदेव बाहेर आला, ताट बघून त्याची मान खाली गेली. "न्या ते परत," तो म्हणाला. "म्या उद्याच जातो भरतीला." आत सखूचा हुंदका ऐकू आला. प्रेमलाबाईंचा चेहरा खुलला.

तेवढ्यात अयोध्या बाहेर आली. बिरदेवला बाजूला सारून माझ्यासमोर उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही मोकळे हात पुढे केले.

"मावशी, भरा."

"अगं, तुला कसं चालंल?" प्रेमलाबाई म्हणाल्या.

"का न्हाय चालायचं? धुरपताआत्या, ह्याच उंबऱ्यावर तुमीच दगडानं फोडल्या न्हवं माज्या? तुमीच म्हनला, देशाची राखण करताना गेला. मग माज्या पोरीची राखण कोन करतंय? ह्यो बिरदेवच करतोय की! त्याला भित्रा म्हना, काय बी म्हना. बांगड्या माज्या हातात भरा. आन् त्यो बी गेला, तर सखूच्या फोडायला पुन्ना समद्या या."

विधवेला हिरवा चुडा भरला, तर ह्या गावात मला पुन्हा कुणी ओसरीवर बसू दिलं नसतं. भीती वाटलीच. पण तिचे हात तसेच पुढं होते. मी टोपली उघडली. हात राठ झाले होते. एक बांगडी पिचली, बाकीच्या चढल्या.

बांगड्या भरून झाल्या की बाई नमस्कार करते आणि कासारीण सौभाग्याचा आशीर्वाद देते. अयोध्या वाकली. "सुखी ऱ्हा," एवढंच मी म्हणाले.

धुरपताबाई अयोध्यापाशी येऊन बसल्या. "माज्या सुनंचे हात बी आसंच भरल्यात गं," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मलाही राहवेना. त्या उठल्या तेव्हा ताट स्वतः उचलून त्यांनी प्रेमलाबाईंच्या हातात दिलं. बिरदेवला म्हणाल्या, "मेंढरं सोड रे, कवाची वरडायल्यात."

पुढच्या बाजारी मी वाशीतल्या सगळ्या कासारणींना गाठलं. ताटासाठी कुणी बांगडी द्यायची नाही, असं आमचं ठरलं. तरी शेजारच्या गावात दुसऱ्या एका पोरासाठी ताट सजल्याचं कानावर आलं. आम्ही तिघी चालत गेलो. पुढं धुरपताबाई, मागं अयोध्या आणि मी.

तिथल्या बायांनी अयोध्याचं कोरं कपाळ पाहिलं, मग हिरवे हात पाहिले. "ही कोन?" एकीनं विचारलं.

धुरपताबाईंनी अयोध्याचा हात आपल्या हातात धरला. "हिचा नवरा लढाईत गेला. हिच्या बांगड्या म्या फोडल्या," त्या म्हणाल्या. "आता माजा लेक तिथं हाय, आन् मला झोप न्हाय. ते ताट आत ठिवा, बायांनो."