साक्षीदाराची सही

बहात्तरच्या दुष्काळात कड्याच्या अलीकडच्या एका खेड्यात दूध सोसायटीला दूध येईनासे झाले, तरी तिचे दार रोज उघडत असे. गावाचे टपाल तिथेच पडे. त्या टपालात बायनाबाईच्या नावाचे जाड लिफाफे येऊ लागले, तेव्हापासून सुंदरबाईंच्या घशाखाली घास सुखाने उतरला नाही.

गावात ख्रिस्ती उंबरे पंधरा. पाळक महिन्यातून एकदा येत. उरलेल्या रविवारी शास्त्रपाठ वाचण्याचा मान सत्तावीस वर्षे सुंदरबाईंचा. आणि बायना? मोठेपणी अक्षरओळख झालेली, दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडणारी बाई. तिने टपालाने चालणारा बायबलचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि पाळकांनी सर्वांदेखत सांगितले की नाताळापासून वाचन प्रमाणपत्र असणाऱ्यानेच करावे. सुंदरबाई त्या दिवशी शांतपणे उठल्या आणि अनवाणीच घरी गेल्या. चपलांची आठवण त्यांना संध्याकाळी झाली.

बायनाला अभ्यासक्रमाचा पत्ता विचारणे जिभेला जमणारे नव्हते. सोसायटीच्या रामहरी सचिवांना पाणी आणायला धाडून त्यांनी तो तिच्या लिफाफ्यावरून उतरून घेतला. धडे मागवले, आणि दोन महिन्यांत आठही संपले. सारे तोंडपाठच होते. मग परीक्षेचा कागद आला. तळाशी नियम होता: पुस्तक न उघडता उत्तरे लिहिली, अशी पाळकाची किंवा उत्तीर्ण विद्यार्थ्याची सही हवी. पाळक आता नाताळालाच येणार होते; तोवर थांबले तर वाचन हातचे गेले असते. उत्तीर्ण विद्यार्थी गावात एकच.

दोन दिवस त्यांनी तो कागद गादीखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी त्या खडीच्या कामावर जाऊन उभ्या राहिल्या.

"सही कर गं," असे त्यांनी हुकूम सोडल्यासारखे म्हटले.

बायनाने हातोडा ठेवला, हात पदराला पुसले. "आत्याबाई, माज्यासमोर लिवा. तसा नेम हाय."

त्या बोलण्यात तोरा असता, तर सुंदरबाईंना परत फिरता आले असते. तो नव्हता. मग त्या बाभळीखाली बसल्या आणि लिहू लागल्या. शेवटचा प्रश्न वाट्याची मालमत्ता उधळून घरी परतलेल्या आणि बापाने मेजवानी देऊन घरात घेतलेल्या धाकट्या मुलाच्या दृष्टांतावर होता: थोरला भाऊ रुसला, त्याविषयी आपल्या शब्दांत लिहा. पाठ केलेले शब्द इथे चालत नव्हते. त्यांनी लिहिले की राबला थोरला आणि मेजवानी धाकट्याला. त्याचा राग रास्त होता.

बायनाने वाचले. "ह्याचे गुण कापतील."

"कापू देत. मला पटतं ते लिहिलं."

तिने सही केली. कागद परत देताना म्हणाली, "मला वाचायचं न्हवतंच, आत्याबाई. चार मान्सांत पाय कापत्यात. तुमी वाचता ते समजावं, म्हणून शिकले."

सुंदरबाईंनी कागदाची घडी घातली.

गुण कापले गेलेच. तरी प्रमाणपत्र आले, आणि नाताळाला वाचन सुंदरबाईंनीच केले. आवाज खणखणीत लागला. मान राहिला. पण तिसऱ्या रांगेत बायना डोळे मिटून, एकेका शब्दावर किंचित मान हलवत ऐकत होती. सत्तावीस वर्षे आपण नुसते वाचले, तसे ऐकणे आपल्या वाट्याला एकदाही आले नाही, हे वाचता वाचताच सुंदरबाईंना कळले, आणि त्या मानेवरून त्यांची नजर हलेना.