एकोणतीस नंबरची चिठ्ठी

“डॉक्टर, ही कंपनी आता नाही,” नोंदबाई म्हणाल्या आणि त्यांनी चिठ्ठी टेबलावरून पुढे सरकवली.

दातांच्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. “नाही म्हणजे? दुसऱ्या कुणी घेतली?”

“बंद पडली. अकरा वर्षं झाली. बल्ब करायची. आपल्यातल्या सहा जणांचे हात पोळले होते. तुमचेही.”

“माझे कशाला काढता आता!” डॉक्टर हसले. “कुणाची चिठ्ठी? नकाशेवाल्यांची? अहो, गंमत केली असेल.”

नकाशेवाले गंमत करणाऱ्यांतले नव्हते. बावीस वर्षांत त्यांनी एकदाही विनोद केल्याचं नोंदबाईंना आठवत नव्हतं.

शिंप्याच्या दुकानावरच्या लांबट खोलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी हे गुंतवणूकदार मंडळ भरायचं. चाळीसेक सभासद. प्रत्येकाने आपल्याकडे कुठल्या कंपनीचे किती शेअर्स आहेत ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. भाव लिहायचा नाही, नफा-तोटा लिहायचा नाही. फक्त नाव आणि संख्या. नोंदबाई त्या सगळ्या चिठ्ठ्यांचा एक तक्ता करून भिंतीवर लावायच्या, म्हणजे कुणाकडे काय आहे ते सगळ्यांना दिसे आणि एकमेकांकडून शिकता येई. मंडळाबाहेर मात्र तक्त्यातलं अक्षर जायचं नाही. त्या बाबतीत बाईंनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली होती.

आयुष्यभर त्यांनी इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीत काम केलं होतं. कागदावरून माणूस ओळखायची सवय तिथली. कुणी एकदम निम्मं विकलं की घरात लग्न नाहीतर आजारपण, आणि एखादा दर महिन्याला काहीतरी बदलायला लागला की त्याला झोप लागत नाही, हे त्यांना चिठ्ठी उलगडताच कळायचं. “तुला लोकांच्या पोटातलं दिसतं,” त्यांची बहीण म्हणायची. “माझ्याकडे बघू नकोस बाई.”

नकाशेवाल्यांचा नंबर एकोणतीस. घरांचे आराखडे काढण्यात जन्म गेलेला, त्यामुळे अक्षर छापल्यासारखं. चिठ्ठी ते इथेच बसून लिहायचे, कुठलाही कागद न पाहता. “माझं सगळं तोंडपाठ असतं,” हा त्यांचा एवढाच काय तो तोरा.

बाईंनी त्या महिन्यात बल्ब कंपनीसमोर प्रश्नचिन्ह काढून तक्ता पुरा केला.

पुढच्या महिन्यात चिठ्ठीत बल्ब कंपनी होतीच. पण त्यांच्याकडची औषधांची कंपनी गायब होती, आणि एका सायकल कंपनीचं नाव आलं होतं, तेही जुनं, विलीन होण्याआधीचं. दुपारी जेवण झाल्यावर बाईंनी माळ्यावरच्या फायली खाली काढल्या. बहीण कुरकुरली, “रविवारचंही मेलं तेच!” बाईंनी ऐकलं नाही. एकेक वर्ष मागे जात त्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहू लागल्या.

चार वाजायच्या सुमाराला सापडलं. आजची चिठ्ठी पंधरा वर्षांपूर्वीच्या एका चिठ्ठीशी ओळीला ओळ जुळत होती. नऊ नावं, त्याच क्रमाने, आकडे शेवटच्या शेअरपर्यंत तेच. मग त्यांनी गेल्या महिन्याची शोधली. ती बारा वर्षांपूर्वीची निघाली. जुन्या चिठ्ठ्यांच्या नकला कुणाकडेच नव्हत्या. ही एक फाईल सोडली तर त्या याद्या जगात कुठे लिहिलेल्या नव्हत्या.

बाईंनी फाईल मिटली आणि पंखा बंद केला. थंडी वाजल्यासारखं झालं होतं.

तिसऱ्या महिन्यात नकाशेवाल्यांनी दोन चिठ्ठ्या दिल्या. एकोणतीस आणि तीस.

तीस नंबर त्यांच्या बायकोचा. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. चिठ्ठीवरचं अक्षर छापल्यासारखं नव्हतं. उजवीकडे कललेलं, घाईचं. आकड्यापुढे तिच्या सवयीप्रमाणे लिहिलं होतं, ‘पन्नास, बहुतेक’. त्या ‘बहुतेक’वरून तेव्हा सगळं मंडळ तिला चिडवायचं.

“त्यांची तुम्ही भरलीत?” बाईंनी शक्य तितक्या सहज विचारलं.

“छे!” नकाशेवाले म्हणाले. “तिची ती भरते. मला हातसुद्धा लावू देत नाही.”

आणि टोपी घालून ते जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्यांच्या घरी गेल्या. तिसरा मजला. दारामागे न फोडलेल्या पाकिटांचा ढीग गुडघ्याएवढा. आत मात्र सगळं जागच्या जागी, नकाशेवाले इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी चहा टाकला आणि तीन कप मांडले.

“बसा, ती येईलच इतक्यात. बाजारात गेलीय.”

इस्पितळात असताना त्यांनी शेकडो मृत्यूंच्या नोंदी केल्या होत्या, पण असं समोर बसून कुणाला ते सांगितलं नव्हतं. त्या बसल्या. तिसऱ्या कपावर साय धरली. नकाशेवाले मधूनमधून घड्याळ बघत होते, हवापाण्याचं बोलत होते, त्यात काडीची चूक नव्हती.

मग जिन्यावर पावलं वाजली. चपलांचा आवाज, सावकाश, हातात ओझं असल्यासारखा. पहिला मजला. दुसरा. नकाशेवाल्यांनी मान वर केली, चेहरा उजळला. पावलं दाराबाहेर येऊन थांबली. पिशवी खाली टेकल्याचा आवाज आला.

बाईंनीही दाराकडे मान वळवली होती, आणि कडी वाजण्याची त्याही वाट बघत होत्या.

पिशवी उचलली गेली. पावलं चौथ्या मजल्याकडे निघून गेली.

“आज उशीर झाला तिला,” नकाशेवाले म्हणाले.

निघताना फोनशेजारच्या कागदावरून बाईंनी त्यांच्या मुलीचा नंबर उतरवून घेतला. घरी येऊन त्यांनी कालची चिठ्ठी फायलीशी ताडून पाहिली; ती अठरा वर्षांपूर्वीची निघाली. बावीस वर्षांत तक्त्यातला शब्द बाहेर गेला नव्हता. शेवटी त्यांनी फोन लावला.

“बाबा रोज बोलतात माझ्याशी,” मुलगी म्हणाली. “अगदी व्यवस्थित. आणि तुम्हाला हो त्यांच्या शेअर्सची एवढी काळजी कशाला?”

“शेअर्सची नाही.”

“मग? कोण तुम्ही त्यांच्या?”

“मी त्यांची यादी लिहिते,” बाई म्हणाल्या. “यादी मागे मागे चाललीय, ताई. आधी तीन वर्षं, आता आणखी तीन. अठरा वर्षांपूर्वीपर्यंत पोचलेत ते. तिथे तुमची आई आहे. अजून चार वर्षं मागे गेले की माझ्या फायली संपतात. पुढचं मला दिसणार नाही. तुम्ही या.”

मग मुलगी अगदी वेगळ्या स्वरात म्हणाली, “परवा त्यांनी मला विचारलं, शाळा कधी सुरू होतेय. मला वाटलं, माझ्या मुलाचं विचारतायत.”

मुलगी आली. पाकिटं फोडली तेव्हा दिसलं की नकाशेवाल्यांनी एकही शेअर विकलेला नव्हता. औषधांची कंपनी, सगळं काही होतं त्या जागी होतं. फक्त त्यांच्या ते लक्षात नव्हतं. तपासण्या झाल्या, इस्पितळातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि महिन्याभरात घराला कुलूप लावून मुलगी त्यांना आपल्या गावी घेऊन गेली.

मंडळात दातांच्या डॉक्टरांनी विषय काढला. “नाव कमी करायला हवं आता. नियमच आहे, तीन महिने चिठ्ठी नाही आली तर.”

“दोनच झालेत,” नोंदबाई म्हणाल्या.

तिसरा महिना भरायच्या आत त्या बसने मुलीच्या गावी गेल्या. दुपारची वेळ होती. नकाशेवाले गॅलरीत खुर्चीवर बसले होते. केस नीट विंचरलेले, दाढी केलेली. चेहरा मात्र कोवळा दिसत होता, नोकरीच्या पहिल्या दिवशी असतो तसा.

“बाबा, ओळखलंत का यांना?” मुलीने विचारलं.

त्यांनी अदबीने उठून नमस्कार केला. “नाही, पण बसा ना. तुम्हीही शेअर्सचंच विचारायला आलात का?”

मुलीने तोंड फिरवलं आणि ती आत गेली.

“हो,” नोंदबाई म्हणाल्या.

“मीही अजून एकसुद्धा घेतलेला नाही.” ते खुर्ची जवळ ओढून हलक्या आवाजात बोलू लागले. “घरी सांगितलेलं नाही कुणाला. उद्या जाणार आहे. भीती वाटते हो थोडी. तुम्हाला?”

पुढे त्यांनी काय काय घेतलं, कुठे पोळले, कुठे तरले, कुठल्या वर्षी त्यांच्या नंबराखाली तीस नंबर आला आणि कुठल्या वर्षी गेला, हे सगळं बाईंना मुखोद्गत होतं. समोरच्या माणसाला त्यातलं अजून काहीच झालेलं नव्हतं.

“वाटते,” त्या म्हणाल्या.

“घाबरायचं नाही. एकच घ्यायचा आधी. आणि जे घ्याल ते लिहून ठेवायचं. वही आहे?”

बाईंनी पिशवीतून वही काढली आणि कोरं पान उघडलं.

“असं नाही. वर दोन बोटं जागा सोडा. नंतर काही घालावंसं वाटलं तर? आणि अक्षर सुटं काढा, मागाहून आपल्यालाच वाचता आलं पाहिजे.”

बाईंनी वर दोन बोटं जागा सोडली आणि पेनाचं टोपण काढलं.

“हं,” त्या म्हणाल्या. “सांगा.”