कुंडी झालेला हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. तिसा नदीच्या काठी, सेगेद शहरातल्या एका खानावळीत माशाचा रस्सा शिजवणं हा माझा जन्मभराचा धंदा. पण मित्रांनो, मधली चार वर्षं मी कुंडी होतो, आणि ते सांगितल्याशिवाय माझ्याने राहवणार नाही.

लोरिंत्स नावाच्या तांबटाने मला घडवलं. त्याच्या हातोडीचे ठोके अजून माझ्या अंगावर दिसतात. आतून पांढरीशुभ्र कल्हई करून, वर जाड कडी बसवून त्याने मला अंब्रुशच्या हवाली केलं. अंब्रुश मासेमार होता. त्याने आणि त्याच्या बायकोने, एतेल्काने, काठावर चार टेबलं मांडून नुकतीच खानावळ काढली होती.

प्रवासी सकाळी दोन मनोऱ्यांचं चर्च बघत, चौकातल्या घड्याळातून निघणाऱ्या बाहुल्या बघत, नावेतून एक फेरी मारत आणि भुकेने कळवळून आमच्याकडे येत. मी तोवर जाळावर लोंबकळत असे. कांदा, माशांची डोकी आणि शेपट्या उकळून गाळलेला दाट रस्सा, त्यात लाल मिरचीची पूड, आणि शेवटी कार्प माशाच्या जाड तुकड्या.

तुकड्या पडल्या की आमच्याकडे रश्श्यात डाव घालत नाहीत. कडी धरून हंडाच फिरवतात, अर्धा वळसा इकडे, अर्धा तिकडे. ढवळलं की मासा फुटतो आणि काटे रस्साभर होतात. एतेल्काचं मनगट या कामात असं तयार होतं की मला फिरवताना ती गिऱ्हाइकांशी गप्पाही मारायची.

डॅन्यूब नदीकाठी या रश्श्यात शेवया घालतात. एकदा तिकडचा एक पाहुणा ताटली बघून म्हणाला, "काका, यात शेवया नाहीत?"

"शेवया हव्यात तर तुमच्या नदीवर जाऊन खा," अंब्रुश म्हणाला. "ही तिसा आहे!"

पाहुणा चिडला, पण तीन ताटल्या खाऊन गेला. माझं कौतुक तर रोजच व्हायचं. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढायचे. मला जरा गर्वही झाला होता, खोटं कशाला बोलू.

मग अंब्रुश गेला. एतेल्काची मनगटं सुजू लागली, भरलेला हंडा तिला पेलवेना. माझी कल्हई उडाली आणि शहरात कल्हई करणारा कुणी उरला नव्हता. तांब्यात रस्सा कळकला तर माणूस आजारी पडतं. त्यांच्या मुलाने, गेर्गेयने, मग स्टीलचं भलंमोठं पातेलं आणलं. ते गॅसवर पक्कं बसवलेलं होतं. माझ्यात माती भरून, लाल फुलं लावून मला फाटकावर टांगलं.

पावसात माझ्यात पाणी साचलं, काही फुलं कुजली. एके दिवशी गेर्गेय भोक पाडायचं यंत्र घेऊन आला. मित्रांनो, तेव्हा मी खरोखर घाबरलो. तळाला भोक पडलं की हंडा संपला. त्याने टोक टेकवलंही होतं, एवढ्यात एतेल्का चपला न घालताच धावत आली.

"थांब! आधी माझ्या डोक्याला भोक पाड!"

"अगं आई, पाणी कुठून जाणार? आता कुंडीच आहे ना ती?"

"कुंडी नाही. तो हंडा आहे. सध्या नुसता बसलाय."

गेर्गेयने कपाळावर हात मारला, पण यंत्र आवरलं. माझ्या तळाला यंत्राच्या टोकाचा एक बारीक टोचा तेवढा राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तीस प्रवासी आले. त्यांची नाव दोनला सुटणार होती. पातेलं फिरवता येईना, रस्सा तळाला लागायला लागला, आणि घाईत गेर्गेयने डाव घातला. याच काठावर वाढलेल्या माणसाने! मासा फुटला. लाल रश्श्यात काटे कुणाला दिसणार? बोदोग नावाच्या म्हाताऱ्या पाहुण्याच्या घशात काटा रुतला. त्याचा श्वास कोंडला, चेहरा निळा पडला. डॉक्टरांनी काटा काढला तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

म्हातारा मोठा गोड. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "रस्सा झकास होता हो. काटा तेवढा आगाऊ निघाला."

गेर्गेयला मात्र हसू आलं नाही. "आई, ओरड की माझ्यावर," तो म्हणाला.

"ओरडून काय होणार? शिकवायला हवं होतं, ते मी केलं नाही. वाटायचं, माझे हात बरे होतील."

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यातली माती स्वतः उपसली. फुलं फाटकाजवळच्या जमिनीत लावली. दूरच्या गावात एक म्हातारा कल्हईवाला सापडला, त्याच्याकडे मला मांडीवर घेऊन तो आगगाडीने गेला.

आता मी पुन्हा जाळावर आहे. प्रवासी फार असले तर थोडे थांबतात, नाव चुकली तर पुढच्या नावेने जातात. गेर्गेयने पहिल्यांदा कडी धरली तेव्हा रस्सा त्याच्या बुटांवर सांडला. एतेल्का समोर खुर्चीत बसून पोट धरून हसली. मग तो सावकाश फिरवू लागला आणि मला दिसलं, मांडीवर ठेवलेली तिची सुजलेली मनगटंही वळत होती, अर्धा वळसा इकडे, अर्धा तिकडे.

तळाचा टोचा तसाच आहे, पण त्यातून थेंबही गळत नाही. मित्रांनो, जुनी वस्तू बाजूला ठेवायची वेळ कुणावरही येते. खुशाल ठेवा. फक्त तिला भोक पाडू नका.