पायाळूचा घोटा

ज्योतीराम पायाळू होता. आईच्या पोटातून आधी पाय घेऊन आलेला. अशा माणसानं उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी लोकांची समजूत. भूमकडून पिंपरीला बांधकामावर आलेल्या या एकट्या माणसाच्या पत्र्याच्या खोलीत कुणी आलंच, तर तेवढ्यासाठी. उभ्यानं, डाव्या पायानं, तीनदा. पाठ मोकळी झाली की माणूस मोकळा. चहाला कुणी थांबत नसे.

एका संध्याकाळी कारखान्याच्या परांचीवरून उडी टाकताना त्याचा उजवा घोटा आत वळला. शेजारच्या सुभद्राबाईनं आंबेहळदीचा लेप दिला. "मुरगळलाय, दुसरं काय!" म्हणाली. सूज उतरली, दुखणं गेलं नाही. चालताना घोट्यात खोल काहीतरी टोचायचं.

पुण्याच्या दवाखान्यात पहिल्या फोटोत काही दिसेना. डॉक्टरनं त्याचं पाऊल खाली ताणलं आणि घोट्यावर पुढून अंगठा दाबला. ज्योतीराम किंचाळला. मग पाय वळवून दुसरा फोटो काढला.

"ही नुसती मुरगळ नाही," डॉक्टर म्हणाले. "घोट्याच्या आतल्या हाडाचा टवका उडालाय, वरच्या कूर्चेसकट. कूर्चा म्हणजे सांध्याचं गुळगुळीत अस्तर. ते गेलं की पहिल्यासारखं येत नाही. टवका अजून जागेवर आहे. प्लास्टर घालतो. दोन महिने हा पाय टेकायचा नाही. चिकटला तर सुटलास, निसटला तर ऑपरेशन करून टवका काढावा लागेल. मग ओझ्याचं काम विसर."

ज्योतीराम कुबड्या घेऊन खोलीत पडला. सुभद्राबाई दारात भाकरी ठेवायची आणि लगबगीनं निघून जायची. कामावरचं कुणी फिरकलं नाही. दुपारी पत्रा तापून कडकड वाजला की त्याला वाटायचं, कुणी दार वाजवलं.

आणि एकदा खरंच वाजलं. मुकादम रंगराव, कमरेत वाकलेला.

"ज्योतीराम, पाठ धरलीय राव. पाय लाव."

"पाय प्लास्टरात हाय, मुकादम."

"डावा कुठं प्लास्टरात हाय? डावाच लावतोस न्हवं?"

"डावा उचलायचा तर उजव्यावर उभं ऱ्हावं लागंल."

"मग ऱ्हा की जरा! बोहल्यावर उभं ऱ्हायचंय का तुला?"

"बसून लावतो."

"बसून लागू पडतं व्हय? चेष्टा करतो का माझी?"

नाही म्हटलं असतं तर पाय वाचला असता. पण रंगराव उठून गेला असता. लोक म्हणतील, अडाणी होता म्हणून पायाचं वाटोळं केलं. अडाणी नव्हता तो. डॉक्टरचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता. भिंत धरून तो उठला आणि सगळा भार प्लास्टरवर टाकला. घोट्यात सुरी फिरली. रंगरावच्या पाठीला त्यानं तीनदा पाय लावला.

"वा रे पठ्ठे!" रंगराव म्हणाला आणि गेला. जाताना चार ठिकाणी सांगून गेला. मग लोक येत राहिले आणि ज्योतीराम उभा राहत राहिला.

प्लास्टर कापून फोटो काढला, तर टवका निसटून सांध्यात अडकलेला.

"उभा राहिलास?" डॉक्टर चिडले.

"लोक आले व्हते, डॉक्टर."

"मग आता कुठायत? ऑपरेशनला सोबत कुणाला तरी आण."

त्यानं रंगरावला विचारलं. "उद्या स्लॅब टाकायचाय," रंगराव म्हणाला. पाठ ताठ होती त्याची, एकदम ताठ.

शेवटी तो एकटाच दाखल झाला. टवका काढला. संध्याकाळी वॉर्डात सगळ्यांकडं डबे आले, पोरंबाळं आली. फेरीवरचे डॉक्टर ज्योतीरामच्या खाटेशी आले, बोटं हलवायला लावली, ठीक आहे म्हणाले आणि वळले.

"डॉक्टर," त्यानं घाईनं हाक मारली, "तुमची पाठ कधी धरती का?"

"नाही बुवा. का रे?"

"न्हाई, आपलं इचारलं."

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले.